घटनापंडित बाबासाहेब आणि विनयपिटकातील सभाशास्त्र : एक चिकित्सा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्या आपल्या वाङ्मयात 'घटनेचे शिल्पकार' हे बिरुद इतके रूढ झाले आहे की, ते एकदा उच्चारले म्हणजे पुढे काही सांगावयाचे उरते असे कोणास वाटत नाही. दुसरीकडे, राज्यघटना ही परदेशी घटनांची गोधडी आहे, असा आक्षेप घटना समितीच्या काळापासून आजतागायत घेतला जातो. वरवर पाहता या दोन भूमिका परस्परविरोधी आहेत. परंतु दोहोंत एक उणीव समान आहे. जगातील घटनांचा तौलनिक अभ्यास करणारा एक विद्वान म्हणून बाबासाहेबांची जी सुमारे तीस वर्षांची कारकीर्द झाली, तिच्याकडे दोघांचेही लक्ष जात नाही. भक्ताला त्या कारकिर्दीची गरज वाटत नाही आणि आक्षेपकाला ती अडचणीची ठरते. प्रस्तुत लेखात त्या कारकिर्दीचे काही टप्पे तपासून, पाली भाषेच्या अभ्यासकांशी ज्याचा थेट संबंध येतो अशा एका उताऱ्याची चिकित्सा करण्याचे आम्ही योजिले आहे. तो उतारा म्हणजे २५ नोव्हेंबर १९४९ रोजीच्या भाषणातील भिक्षुसंघाच्या सभापद्धतीचा उल्लेख.

कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण (१९१३ ते १९१६), लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन हे तपशील वाचकांस विदित आहेत. अर्थशास्त्राचा हा विद्यार्थी घटनाशास्त्राकडे कसा वळला, याचे उत्तर मात्र त्यांच्या १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील प्रबंधात सापडते. नाव अर्थशास्त्राचे असले तरी ग्रंथाचा खरा प्रश्न घटनेचा आहे. प्रांतांना स्वतंत्र अंदाजपत्रके मिळाली म्हणून ते घटक राज्ये झाले काय? बाबासाहेबांचे उत्तर नकारार्थी आहे. प्रांत हे केंद्र सरकारची खातीच होते. पैसा खर्च करण्याची मुभा निराळी आणि पैशावरचा हक्क निराळा. नाव काय दिले आहे यापेक्षा अधिकार कोणाच्या हाती आहे हे पाहावयाचे, ही त्यांची दृष्टी येथेच घडलेली दिसते. साउथबरो समितीपुढे १९१९ साली मताधिकाराविषयी साक्ष देताना त्यांचे वय अवघे सत्तावीस होते. तेथेही हीच दृष्टी आहे. सायमन कमिशनसमोरील १९२८ ची निवेदने व साक्ष ही तिचीच पुढची पायरी होय.

मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात ते १९२८ पासून अध्यापन करीत होते आणि १९३५ साली तेथे प्राचार्य झाले. इंग्लंडच्या राज्यघटनेवरील त्यांच्या व्याख्यानांची टिपणे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात आली आहेत. ही टिपणे आपल्याकडे फारशी कोणी वाचत नाही. विद्यार्थ्यांसाठी केलेली मांडणी म्हणून ती बाजूला राहिली असावीत. पण ब्रिटिश पार्लमेंटची सार्वभौमता, कायद्याचे राज्य आणि घटनात्मक संकेत ही तीन सूत्रे वर्गात वर्षानुवर्षे समजावून सांगितलेला मनुष्य जेव्हा घटना समितीत उभा राहतो, तेव्हा त्याची वाक्ये एवढी नेमकी का असतात याचा उलगडा या टिपणांत होतो.

तौलनिक अभ्यासक म्हणून त्यांची सर्वांत कसदार कृती कोणती, असे विचारल्यास आम्ही २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत दिलेल्या काळे स्मारक व्याख्यानाचे नाव घेऊ. विषय होता संघराज्य आणि स्वातंत्र्य यांतील विरोध. १९३५ च्या कायद्याने हिंदुस्थानात संघराज्य येऊ घातले होते आणि अनेक पुढारी त्याचे गोडवे गात होते. बाबासाहेबांनी अमेरिका, स्वित्झर्लंड, जुने जर्मन साम्राज्य, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या संघराज्यांशी त्याची तुलना केली. तुलना करणारे पुष्कळ असतात. ते साम्ये आणि भेद यांची दोन रकान्यांत यादी करतात आणि थांबतात. बाबासाहेब तसे करीत नाहीत. प्रत्येक ठिकाणी ते विचारतात की, या संघराज्यातील सामान्य मनुष्य कोणाचा नागरिक आहे आणि त्याचा प्रतिनिधी कोण निवडतो. नियोजित संघीय विधानसभेच्या ३७५ जागांपैकी १२५ आणि राज्य परिषदेच्या २६० पैकी १०४ जागा संस्थानांना दिल्या होत्या. त्या भरावयाच्या होत्या संस्थानिकांनी, प्रजेने नव्हे. म्हणजे संस्थानी प्रजेला मत नाही आणि तिच्या नावाने बसलेला राजाचा माणूस ब्रिटिश प्रांतांतील लोकांच्या कायद्यावर मत देणार. हे संघराज्य प्रत्यक्षात आलेच नाही, म्हणून हे व्याख्यान इतिहासजमा झाले असे मानणे चूक आहे. एका संस्थेचे नाव तेच ठेवून तिच्यातील माणूस कसा नाहीसा करता येतो, हे त्यात जेवढ्या स्वच्छपणे दाखविले आहे तेवढे मराठी वाचकाला आजही अन्यत्र क्वचितच वाचावयास मिळेल.

यानंतरची महत्त्वाची कृती १९४७ ची 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'. आपल्या चळवळीत ती राज्य समाजवादाच्या संदर्भात उद्धृत केली जाते. शेती व मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि ही तरतूद साध्या कायद्यात नव्हे, घटनेतच असावी, हा विचार तीत आहेच. परंतु ही कृती कलमांच्या रूपात लिहिलेली आहे आणि तिला जोडलेल्या स्पष्टीकरणांत आधार सांगितलेले आहेत, याकडे दुर्लक्ष होते. त्यांत अमेरिकेतील १८६६ व १८७५ च्या नागरी हक्कविषयक कायद्यांचा आधार आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना खानावळी, वाहने, करमणुकीची स्थळे येथे समान वागणूक मिळावी, यासाठी १८७५ चा कायदा होता. त्याचे पुढे काय झाले? १८८३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. चौदावी घटनादुरुस्ती राज्याला बांधते, खासगी माणसाला नव्हे, असे कारण दिले गेले. आता आपल्या घटनेचे कलम १५ चे दुसरे उपकलम पाहावे. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख तेथे नावानिशी आहे आणि ते कलम केवळ राज्यावर बंधन घालून थांबत नाही. कलम १७ तर अस्पृश्यता पाळणाऱ्या कोणाही व्यक्तीला लागू आहे. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी अडविणारे हात राज्याचे नव्हते, गावातल्या माणसांचे होते. अमेरिकेचा कायदा कोठे अडखळला हे जाणणाऱ्या आणि तळ्यावर स्वतः उभे राहिलेल्या मनुष्याच्या अध्यक्षतेखाली ही तरतूद या स्वरूपात घटनेत यावी, हा निव्वळ योगायोग आम्हांस वाटत नाही. डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांच्याशी १९४६ साली त्यांनी केलेला पत्रव्यवहारही याच जिज्ञासेचा भाग आहे.

या कृतीविषयी एक अडचणीचा प्रश्न आपल्या लेखकांनी टाळला आहे. १९४७ साली बाबासाहेब ब्रिटिश पद्धतीच्या मंत्रिमंडळाला विरोध करतात. भारतातील बहुमत हे राजकीय नसून जन्माने ठरणारे जातीय बहुमत आहे. तेव्हा बहुमताच्या पक्षाचे मंत्रिमंडळ म्हणजे एका जमातीचे कायमचे राज्य, असा त्यांचा युक्तिवाद होता. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना तेच गृहस्थ अमेरिकी स्थैर्यापेक्षा ब्रिटिश पद्धतीची दैनंदिन जबाबदारी श्रेष्ठ ठरवितात. ही विसंगती नव्हे काय? आमचे मत असे की, येथे पंडित आणि मसुदा समितीचा अध्यक्ष अशा दोन भूमिका वेगळ्या करून वाचल्या पाहिजेत. अध्यक्ष हा घटना समितीने घेतलेल्या निर्णयांनी बांधलेला होता. १९४७ चे पुस्तक हे पंडिताचे स्वतःचे, कोणाशीही तडजोड न करता लिहिलेले घटनापत्र होय. जे त्याला 'कच्चा मसुदा' समजून बाजूस ठेवतात, ते बाबासाहेबांच्या बहुमतविषयक चिंतनाचा गाभाच गमावतात. ग्रॅनव्हिल ऑस्टिन यांच्या १९६६ च्या गाजलेल्या ग्रंथात घटना समितीतील सत्ता नेहरू, पटेल, राजेंद्रप्रसाद व आझाद या चौघांभोवती मांडली आहे. सत्तेचा हिशेब म्हणून ते खरे असेल. विचाराचा हिशेब निराळा मांडावा लागतो.

नकलेच्या आक्षेपाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. घटनेतील मूलतत्त्वांवर कोणाची मक्तेदारी नसते, हे बाबासाहेबांनी स्वतःच सभागृहात सांगितले आहे. घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांनी परदेशी घटनांतील दाखल्यांची पुस्तके तयार केली, १९४७ च्या अखेरीस अमेरिका, कॅनडा, आयर्लंड व ब्रिटनचा दौरा केला, आणि बाबासाहेबांनी त्यांचे व मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचे श्रेय समारोपाच्या भाषणात मोकळ्या मनाने दिले. हे सांगितल्याने बाबासाहेबांचे श्रेय घटत नाही. राव यांनी अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांची भेट घेतल्यानंतर 'ड्यू प्रोसेस' हा शब्दप्रयोग मसुद्यातून गेला. त्यामुळे व्यक्तिस्वातंत्र्याच्या संरक्षणात जी पोकळी पडली, ती काही अंशी भरून काढण्यासाठी आजचे कलम २२ आणले गेले, हे बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये सांगितले होते. कलम ३२ वरील ९ डिसेंबर १९४८ च्या भाषणात ते आणखी सूक्ष्म मुद्दा मांडतात. न्यायालयीन आज्ञालेख पूर्वीही कायद्यात होते. परंतु साध्या कायद्यातले असल्यामुळे ते विधिमंडळाच्या मर्जीवर होते. घटनेत आल्यामुळे ते त्या मर्जीच्या पलीकडे गेले. इंग्रजी संस्था तीच. तिचे स्थान बदलले की तिचा अर्थ बदलतो. ज्याला नक्कल म्हणतात ती याहून फार सोपी गोष्ट असते.

आता आमच्या मुख्य विषयाकडे वळतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की, संसदीय कार्यपद्धती या देशाला अपरिचित नव्हती. भिक्षुसंघाच्या नियमांत आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, व्हिप, मतगणना, गुप्त मतदान, निषेधाचा ठराव, निर्णीत प्रश्न पुन्हा न उघडणे या सर्व गोष्टी आढळतात. आणि तथागतांनी ही पद्धती त्या काळच्या राजकीय सभांवरून घेतली असावी. ही लोकशाही भारताने एकदा गमावली, ती पुन्हा गमावणार काय, असा त्यांचा पुढचा प्रश्न होता. हा उतारा आपल्या व्याख्यानांत शेकडो वेळा उद्धृत होतो. त्यातील एकेका शब्दासमोर विनयपिटकातील मूळ शब्द ठेवून पाहण्याचे काम मात्र पाली विभागांनी फारसे केलेले नाही. मराठीत धर्मानंद कोसंबींनी 'बौद्धसंघाचा परिचय' लिहून विनयाचा मार्ग खुला केला, हे उपकार मोठे आहेत; पण ही पडताळणी त्यांच्या विषयाबाहेरची होती.

प्रस्ताव म्हणजे ञत्ति. तिच्यानंतर अनुस्सावना, म्हणजे संघासमोर ठरावाची घोषणा. एकदा ञत्ति व एकदा घोषणा झाली तर ञत्तिदुतिय कम्म, आणि ञत्तीनंतर तीन वेळा घोषणा झाली तर ञत्तिचतुत्थ कम्म. उपसंपदेसारखी गंभीर कर्मे दुसऱ्या प्रकाराने होतात. आपल्या विधेयकांची तीन वाचने पाहणाऱ्यास हे ओळखीचे वाटेल. आसनव्यवस्थेचा अधिकारी वैशालीच्या संगीतीत नावासह भेटतो : दहा वर्षावास झालेला अजित नावाचा भिक्खू. निषेधासाठी तज्जनीयकम्म आहे, आणि ते ज्याच्यावर करावयाचे तो समोर असल्याशिवाय केल्यास अवैध ठरते. निर्णीत अधिकरण जाणूनबुजून पुन्हा उकरून काढणे हा उक्कोटनाचा दोष असून त्यासाठी पाचित्तियांमध्ये त्रेसष्ठावा नियम आहे. गुप्त मतदान म्हणजे सलाकाग्रहणाचा गूळ्हक प्रकार. त्याच्या जोडीस कानात सांगून घ्यावयाचे सकण्णजप्पक आणि उघड घ्यावयाचे विवटक असे आणखी दोन प्रकार चुल्लवग्गात आहेत. येथपर्यंत बाबासाहेबांची यादी मूळ ग्रंथांशी उत्तम जुळते.

'व्हिप' या शब्दाजवळ मात्र थांबावे लागते. विनयात गणपूरक हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ गण पुरा करणारा एवढाच आहे. रमेशचंद्र मजुमदार (१९१८) व काशीप्रसाद जयस्वाल (१९२४) यांच्या पिढीने विनयातील कार्यपद्धती आधुनिक संसदीय परिभाषेत मांडली, आणि गणपूरकाला व्हिप म्हणण्याचा पायंडा त्याच काळातला. बाबासाहेबांच्या यादीवर या संशोधनाची छाया स्पष्ट दिसते. परंतु ५२ व्या घटनादुरुस्तीनंतर, म्हणजे १९८५ पासून, भारतात व्हिप म्हणजे सदस्याने कोणते मत द्यावे हे सांगणारा आणि न ऐकल्यास त्याचे सदस्यत्व धोक्यात आणणारा आदेश झाला आहे. असा आदेश संघात कल्पनेतही नव्हता. गूळ्हक पद्धतीत सलाका वाटणारा भिक्खूला सांगतो की, ही या मताची, ती त्या मताची. हवी ती घे आणि कोणाला दाखवू नकोस. तेव्हा आपल्या व्याख्यात्यांनी 'बुद्धकाळी व्हिप होता' असे आज सांगणे म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात भलताच अर्थ रुजविणे होय. उलट बाबासाहेबांच्या यादीत न आलेली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. चर्चेत गोंधळ होऊ लागल्यास प्रश्न उब्बाहिकेकडे, म्हणजे निवडक समितीकडे सोपविण्याची सोय विनयात आहे. वैशालीच्या संगीतीत पूर्वेकडील चार आणि पश्चिमेकडील चार भिक्खूंची अशी समिती झाली. सात सदस्यांच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या बाबासाहेबांनी नेमका हाच दाखला वगळावा, याची आम्हांस मौज वाटते.

याहून गंभीर प्रश्न बहुमताचा आहे. संघकर्माचा आदर्श बहुमत नव्हे, समग्रता आहे. घोषणा झाल्यावर जे गप्प राहतात त्यांची संमती धरली जाते. एकानेही वैध हरकत घेतली तर कर्म अडते. सलाका वाटून बहुमत घेणे, म्हणजे येभुय्यसिका, हा वाद मिटविण्याचा एक उपाय आहे, नित्याची रीत नव्हे. शिवाय चुल्लवग्ग स्पष्ट सांगतो की, मोजणीअंती अधर्मवादी अधिक निघाले तर सलाका वाटणाऱ्याने ते ग्रहण सदोष मानून परत घ्यावे. प्रश्न क्षुल्लक असेल, संघ फुटण्याची भीती असेल, किंवा लोक स्वतःच्या मताप्रमाणे सलाका उचलीत नसतील, तर ते मतदान अधर्म्यच. आपल्या अनेक लेखकांनी हा भाग वाचला असूनही सांगितलेला नाही, असा आमचा कयास आहे. कारण उघड आहे : आजच्या डोळ्यांना हे मतपेटी फिरविण्यासारखे दिसते. भिक्खुसंघाच्या कर्मात भिक्खुनी गणपूर्तीस चालत नसे, हेही असेच झाकून ठेवले जाते. कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला दिलेले मत आणि संघातील सलाका या एक गोष्टी नव्हेत.

परंतु अडचणीचा भाग झाकल्याने त्यातील मोलाचा भागही झाकला जातो. बहुमत वाटेल ते करू शकते काय, या प्रश्नावर विनयाने अडीच हजार वर्षांपूर्वी नकारार्थी उत्तर दिले आहे. संघापुढचा धोका पूर्वग्रह, द्वेष, मोह व भय या चार अगतींचा होता, आणि म्हणूनच सलाका वाटणारा या चारांपासून मुक्त असावा व त्याची नेमणूक संघानेच ठराव करून करावी, असा नियम आहे. हाच प्रश्न विसाव्या शतकात जर्मनीपुढे आला. वायमार घटनेचा नाश झाल्यावर तेथील घटनापंडितांनी दुरुस्तीच्या अधिकाराला अंगभूत मर्यादा असतात असे प्रतिपादन केले. त्यांच्यापैकी डिटर कॉनराड यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयात याच विषयावर व्याख्यान दिले. तो विचार गोलकनाथ खटल्यात (१९६७) वकिलांच्या युक्तिवादातून आणि पुढे २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालात मूलभूत चौकटीच्या रूपाने भारतीय कायद्यात आला. बहुमताला मर्यादा असते हे तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा अशा बहुमताने ठरविले, हा विनोद इतिहासाच्या पदरी जमा आहे.

यावरून बाबासाहेबांना मूलभूत चौकटीच्या सिद्धांताचे जनक ठरविण्याची घाई कोणी करू नये. त्याच समारोपाच्या भाषणात त्यांनी जेफरसनचा हवाला देऊन सांगितले की, घटना समितीने आपल्या कामावर अंतिमतेचा शिक्का मारलेला नाही आणि दुरुस्तीचा मार्ग सोपा ठेवला आहे. त्यांचा भर न्यायालयापेक्षा घटनात्मक नीतीवर होता. ग्रीसचा इतिहासकार ग्रोट याच्याकडून ही संज्ञा घेऊन, ती नैसर्गिक भावना नसून अंगी बाणवावी लागते, असे त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी सांगितले. अंगी बाणवावी लागते म्हणजे शील झाले. येथे त्यांचा तौलनिक अभ्यास आणि त्यांचा धम्म यांची खरी भेट होते, आणि ती कलमांच्या पातळीवर नाही. राज्यघटनेची अमुक कलमे त्रिपिटकातून घेतली, असे सांगणाऱ्या पुस्तिका आपल्या विहारांबाहेर विकल्या जातात. त्यांचा हेतू चांगला असला तरी दावा खोटा आहे. बाबासाहेबांनी तसे कधी म्हटले नाही. सभापद्धतीविषयी ते एवढेच म्हणाले की, ती या देशाला ठाऊक होती. आणि ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात ते म्हणाले की, स्वातंत्र्य, समता व बंधुता ही आपली तत्त्वत्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली. सभापद्धती, कलमे आणि जीवनमूल्ये ही तीन वेगळी प्रमेये आहेत. ती मिसळली की आक्षेपकाला एक खोटा दावा खोडून काढून तिन्ही खोडल्याचा आव आणता येतो.

तथागतांनी ही पद्धती राजकीय सभांवरून घेतली असावी, या विधानाचेही असेच. ते अनुमान आहे. गणराज्यांच्या सभांचे नियमग्रंथ आपल्यापर्यंत आलेले नाहीत, संघाचे आले. महापरिनिब्बान सुत्तात वज्जींच्या सात अपरिहानीय धर्मांच्या मागोमाग भिक्खूंसाठी तशाच सात धर्मांची मांडणी येते, आणि दोन्हींच्या आरंभी वारंवार जमणे व एकदिलाने जमणे हीच दोन कलमे आहेत. अनुमानाला यापेक्षा बळकट आधार क्वचित मिळतो. तरीही अनुमानाला अनुमान म्हणूनच सांगावे.

हा सारा ऊहापोह केवळ पंडितांसाठी नाही. शहापूर तालुक्यात डोळखांबसारख्या ठिकाणी आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू होते, तेव्हा समोर बसलेल्या तरुणाच्या गावात त्याच आठवड्यात ग्रामसभाही असते. शहापूर तालुका घटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. मुरबाड तालुक्याची काही गावेही येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २०१४ च्या राज्य नियमांनी येथील ग्रामसभेला इतरत्र नसलेले अधिकार दिले असून, एखाद्या पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मागता येते. खेडे म्हणजे संकुचितपणाचे डबके, असे सांगणारे बाबासाहेब मग या ग्रामसभेविषयी काय म्हणाले असते, हा प्रश्न तेथे हमखास निघतो. अनुसूचित क्षेत्रात सरपंचपद आदिवासींसाठी राखीव असते, तेव्हा अल्पसंख्य बौद्ध वस्तीने काय करावे, हा त्याचा दुसरा, हळू आवाजात विचारला जाणारा भाग. आमचे उत्तर असे की, १९४८ च्या भाषणातील एक वाक्य तोडून त्याचा झेंडा करू नये. बाबासाहेबांचा आक्षेप खेड्यातील जन्मजात बहुमतावर होता. त्याच महिन्यात के. संतानम यांची ग्रामपंचायतींविषयीची दुरुस्ती त्यांनी स्वीकारली, जी आज कलम ४० आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांना त्यांच्याच भूमीवर मिळालेले संरक्षण हे जन्मजात बहुमताविरुद्धचेच संरक्षण आहे. बौद्धांनी त्याला आपले मानण्यात बाबासाहेबांच्या विचाराशी कोठेही विरोध येत नाही. ग्रामसभेत आपली वस्ती संख्येने लहान असेल, तर बहुमत मोजण्यापूर्वी काय काय पाहावयाचे, याची यादी चुल्लवग्गात आहे, आणि ती तेथे वाचून दाखवावी.

याच संदर्भात महावग्गातील सोण कुटिकण्णाची कथा आपल्या भागासाठी विशेष जवळची आहे. संघाच्या निरनिराळ्या कर्मांना चार, पाच, दहा व वीस अशा गणपूर्ती ठरलेल्या होत्या, आणि उपसंपदेला दहा भिक्खू लागत. अवंती-दक्षिणापथात भिक्खू विरळ. सोणाच्या उपसंपदेसाठी दहा जण जमवावयास तीन वर्षे लागली. पुढे तो तथागतांकडे गेला तेव्हा त्याचे उपाध्याय महाकच्चान यांनी त्याच्याबरोबर पाच मागण्या पाठविल्या. एक गणपूर्तीविषयी, दुसरी अशी की, आमच्याकडील जमीन गुरांच्या खुरांनी तुडवून खडबडीत झालेली आहे, तेव्हा अनेक पदरी वहाणांची परवानगी असावी. सह्याद्रीच्या पायथ्याशी, आजोबा डोंगराच्या वाटेवर उन्हाळ्यात चाललेल्या माणसाला ही मागणी समजावून सांगावी लागत नाही. तथागतांनी सीमावर्ती जनपदांसाठी दहाऐवजी पाचांची गणपूर्ती मान्य केली; अट एवढीच की, पाचांतील एक विनयधर, म्हणजे नियम जाणणारा असावा. मध्यदेशात मात्र दहाच कायम राहिले.

महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात आणि पेसा नियमांत सभेला लागणाऱ्या किमान संख्येसाठी वापरलेला मराठी शब्द 'गणपूर्ती' हाच आहे. तो आणि विनयातील 'गणपूरक' एकाच धातूपासून आले आहेत. बाबासाहेबांच्या २५ नोव्हेंबरच्या भाषणाची मराठी आवृत्ती यापुढे जो कोणी काढील, त्याने त्या यादीतील प्रत्येक शब्दाखाली पाली संज्ञा आणि विनयातील स्थळ द्यावे. 'व्हिप' या शब्दाखाली वर सांगितलेला भेद द्यावा. आणि त्यातच उब्बाहिकेची नोंद जोडावी. हे काम करावयास एक विनयधर पुरे आहे. बाकीचे चार आमच्या विहारांतून मिळतील.